जीडीपीला काल्मन फिल्टर लावला तर शेवटची दोन-तीन वर्षं सारखी बदलतात, हे नॉर्मल आहे का?

फेजशिफ्ट

मंडळी, मी मूळचा सिग्नल प्रोसेसिंगवाला, बरीच वर्षं रडार ट्रॅकिंग आणि मग थोडं ऑडिओ. सध्या कामानिमित्त आर्थिक डेटा बघणाऱ्या टीमसोबत बसतोय आणि सुरुवातीला फार मजा आली, कारण सगळी ओळखीचीच मंडळी भेटली. एआर मॉडेल आहे, यूल-वॉकर आहे, स्टेट स्पेस आहे, काल्मन फिल्टर (गडबड असलेल्या आकड्यांतून खरी पातळी शोधणारा) तर आहेच. न्यूवी-वेस्ट म्हणून काहीतरी भारी प्रकरण असतं असं ऐकून होतो, उघडून बघितलं तर ऑटोकोव्हेरियन्सवर बार्टलेट विंडो लावून बेरीज, म्हणजे शून्य फ्रिक्वेन्सीवरचा पॉवर स्पेक्ट्रम! १९८७ चा पेपर आहे आणि ते लोक त्याला स्टँडर्ड एररची दुरुस्ती म्हणून वापरतात. म्हटलं चला, इथे आपलं जमणार.

आता प्रॉब्लेम सांगतो. तिमाही जीडीपीमधून ट्रेंड वेगळा काढायचा आणि उरलेला भाग म्हणजे आउटपुट गॅप, एवढंच काम. मी लोकल लिनिअर ट्रेंड मॉडेल (ट्रेंडची पातळी आणि उतार दोन्ही हळूहळू बदलू देणारं) टाकलं, काल्मन चालवला, वर स्मूदर (पुढचे आकडेही बघून मागचे अंदाज सुधारणारा) चालवला, मधला भाग एकदम सुरेख येतो. पण दर तिमाहीला नवा आकडा आला की मागच्या दोन-तीन वर्षांचा गॅप हलतो, आणि थोडाथोडका नाही, चक्क चिन्ह बदलतं. गेल्या खेपेला 'अर्थव्यवस्था क्षमतेच्या वर चाललीय' म्हणून चार्ट दिला आणि पुढच्या खेपेला त्याच तिमाहीसाठी 'क्षमतेच्या खाली' आलं. रडारमध्येही स्मूदिंग केलं की जुना एस्टिमेट बदलतो पण विमान काही पूर्वेऐवजी पश्चिमेला गेलं असं होत नाही ना. टीममधले म्हणतात हे असंच असतं. मला ते पटत नाहीये. ट्यूनिंग गंडलंय की डेटाच तसा आहे?

आणि दुसरं, ट्रेंड काढायच्या त्या एचपी (हॉड्रिक-प्रेस्कॉट) फिल्टरमधलं १६०० (लॅम्डा, म्हणजे ट्रेंड किती गुळगुळीत हवा तो आकडा) कुठून आलं? सगळे ते π (पाय) सारखं वापरतात.

---

तिमाही_ताई

धाग्यावर स्वागत :) तुमची टीम बरोबर सांगतेय, पण का ते सांगत नाहीये.

आधी १६०० चं सांगते. हॉड्रिक आणि प्रेस्कॉट यांचा पेपर १९८० च्या आसपासपासून वर्किंग पेपर म्हणून फिरत होता, जर्नलमध्ये छापून आला १९९७ मध्ये. त्यांनी असं धरलं की ट्रेंडपासून ५ टक्के लांब जाणं हे जेवढं 'मध्यम मोठं', तेवढंच तिमाहीत वाढीचा दर एक अष्टमांश टक्क्याने बदलणं हेही मध्यम मोठं. ५ भागिले एक अष्टमांश म्हणजे ४०, त्याचा वर्ग १६००. झालं. डेटावरून एस्टिमेट वगैरे काही नाही. दोन माणसांचा अंदाज होता, अमेरिकेच्या तिमाही आकड्यांकडे बघून केलेला, आणि नंतर तो सॉफ्टवेअरमध्ये डिफॉल्ट होऊन बसला. तसं बघितलं तर मूळ कल्पना त्यांचीही नाही, व्हिटेकरने १९२३ मध्ये विमागणितातल्या मृत्यूदराच्या तक्त्यांसाठी याच जातीची पेनल्टी (ट्रेंड वाकडातिकडा झाला की दंड) वापरली होती.

---

फेजशिफ्ट

@ताई, धन्यवाद. म्हणजे १६०० हे सिग्नल-टू-नॉइज रेशोचं उलट झालं की! मी आत्ताच फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स काढून बघितला. ट्रेंडचा गेन अर्ध्यावर येतो ते ३९.७ तिमाह्यांच्या पिरियडला. म्हणजे साधारण दहा वर्षांवर कट-ऑफ असलेला लो-पास फिल्टर आहे हा, बाकी काही नाही. दहा वर्षांपेक्षा हळू ते ट्रेंड, त्यापेक्षा जलद ते सायकल. हे एका ओळीत लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं, इतकी पानं कशाला!

फेज (लाट मागे-पुढे सरकणं) तर शून्य आहे कारण दोन्ही बाजूंनी सारखाच आहे. मग शेवटी काय होतं?

---

शून्यमध्य

फेज शून्य *मध्ये* आहे साहेब, टोकाला नाही. टोकाला उजवी बाजूच नसते.

वेट्स काढून बघा. लॅम्डा १६०० असताना सिरीजच्या मध्यावरच्या ट्रेंडमध्ये त्या तिमाहीच्या स्वतःच्या आकड्याला वजन असतं ५.६ टक्के. शेवटच्या तिमाहीचा ट्रेंड काढताना त्याच तिमाहीच्या आकड्याला वजन मिळतं २० टक्के. साडेतीन पट. म्हणजे शेवटचा आकडा जरा वर आला की ट्रेंड त्याच्यामागे पळतो, गॅप लहान दिसतो, आणि पुढे दोन वर्षांचा डेटा आला की ट्रेंड परत जागेवर येऊन गॅप एकदम उघडा पडतो.

आणि 'मी एचपी नाही, काल्मन लावलाय' यात फरक नाही हां. ट्रेंडच्या दुसऱ्या डिफरन्सला (म्हणजे उताराच्या बदलाला) नॉइज द्या, लेव्हलला देऊ नका, या नॉइजच्या आणि गॅपच्या व्हेरियन्सचं (चढउताराच्या मापांचं) गुणोत्तर १ भागिले १६०० ठेवा आणि काल्मन स्मूदर चालवा, जे येतं तोच एचपी. मधला भाग म्हणजे स्मूदर आणि शेवटचा बिंदू म्हणजे नुसता फिल्टर. तुम्ही एकाच चार्टवर दोन वेगळ्या जातीचे एस्टिमेट एका रेषेत जोडताय आणि रेषा अखंड दिसते म्हणून बघणाऱ्याला वाटतं सगळी सारखीच खात्रीची आहे.

---

लॅगदोन

+१ शून्यमध्य.

यावर ऑर्फनिडीस आणि व्हॅन नॉर्डन यांचा २००२ चा पेपर आहे, तो वाचाच. त्यांनी अमेरिकेचा आउटपुट गॅप वेगवेगळ्या पद्धतींनी काढला, पण त्या त्या वेळी जो डेटा हातात होता तेवढाच वापरून, आणि मग शेवटी पूर्ण डेटा घेऊन परत काढला. दोन्हींतला फरक जवळपास गॅपएवढाच मोठा निघाला. आणि लोकांना वाटतं की हे जीडीपीचे आकडे मागाहून सुधारले जातात म्हणून होतं, तर मुख्य कारण ते नव्हतंच, मुख्य कारण टोकाला ट्रेंड नीट कळत नाही हेच होतं. तेव्हा चिन्ह बदलणं नॉर्मल आहे, तुमच्या कोडमध्ये बग असेलच असं नाही.

---

उगाच_शंका

वाचनमात्र होतो पण राहवलं नाही. मला यातलं निम्मं कळलं. काल्मन म्हणजे नक्की काय करतो हे कोणी साध्या मराठीत सांगेल का, मॅट्रिक्स न टाकता?

---

शून्यमध्य

@उगाच_शंका, प्रयत्न करतो.

समजा एक खरी पातळी आहे जी दिसत नाही आणि दर वेळी थोडीशी हलते. आपल्याला दिसतो तो आकडा म्हणजे ती पातळी अधिक मोजमापातली गडबड. नवा आकडा आला की प्रश्न एकच, आपल्या जुन्या अंदाजापेक्षा हा जो वेगळा आलाय तो पातळी खरंच हलली म्हणून की गडबड म्हणून? काल्मन म्हणतो की फरकाचा एक ठरावीक हिस्सा खरा धर आणि अंदाज तेवढा सरकव. तो हिस्सा म्हणजे गेन.

पातळीच्या हालचालीचा व्हेरियन्स क्यू आणि गडबडीचा आर म्हणू. दोन्ही सारखे असतील तर बऱ्याच आकड्यांनंतर गेन ०.६१८ वर स्थिरावतो (हो तोच, सुवर्ण गुणोत्तरवाला, गंमत म्हणून सोडून द्या). क्यू जर आरचा शंभरावा भाग असेल तर गेन ०.०९५, म्हणजे नव्या बातमीचा दहावा हिस्सासुद्धा मानायचा नाही. सगळा खेळ क्यू आणि आरच्या गुणोत्तरावर. बाकी मॅट्रिक्स वगैरे हेच, जास्त मिती घेऊन.

आणि हे स्थिर गेनवालं रूप म्हणजेच एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग (जुन्या आकड्यांचं वजन ठरावीक पटीने कमी करत नेणारी सरासरी). काल्मनचा पेपर १९६० चा, इंजिनिअरिंगच्या जर्नलमध्ये. त्याच १९६० मध्ये जॉन म्यूथ या इकॉनॉमिस्टने दाखवलं की रँडम वॉक (दर वेळी योगायोगाने थोडी सरकणारी पातळी) अधिक नॉइज असेल तर एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग हाच सर्वात चांगला अंदाज. एकाच वर्षी, दोन वेगळ्या गल्लीत.

---

उगाच_शंका

हे कळलं! मग क्यू आणि आर कोण सांगतं?

---

लॅगदोन

इथेच तर सगळं अडतं ना भाऊ.

---

फेजशिफ्ट

रडारमध्ये आर मला माहीत असतो, सेन्सर बनवणारा देतो किंवा मीच स्थिर टार्गेट ठेवून मोजतो. क्यू म्हणजे विमान किती वळू शकतं याचा अंदाज, त्याला भौतिकशास्त्राची मर्यादा आहे. इथे मी दोन्ही मॅक्झिमम लाइकलीहूडने (हातातला डेटा सर्वात संभाव्य ठरवणाऱ्या किमती घेऊन) काढले, आणि एक विचित्र गोष्ट झाली ती विचारायची राहिलीच, ट्रेंडच्या उताराचा व्हेरियन्स सरळ शून्य आला. १ गुणिले १० चा उणे सहावा घात वगैरे नाही, ऑप्टिमायझर सीमेवर जाऊन चिकटला. म्हणजे वाढीचा दर सत्तर-ऐंशी वर्षं बदललाच नाही असं मॉडेल म्हणतंय. इनिशियल व्हॅल्यू बदलून बघितल्या, तेच. लायब्ररीत बग आहे का?

---

शून्यमध्य

बग नाही. याला पाइल-अप म्हणतात. खरा व्हेरियन्स छोटा पण शून्याच्या वर असेल तरी लाइकलीहूडचं शिखर नेमकं शून्यावर पडण्याची शक्यता चांगलीच मोठी असते, सँपल लहान असेल तर फारच. स्टॉक आणि वॉटसन यांनी १९९८ मध्ये यावर उपाय काढला, मीडियन-अनबायस्ड एस्टिमेटर म्हणतात त्याला, म्हणजे थेट लाइकलीहूडचं शिखर न बघता स्थिरतेच्या टेस्टचा जो आकडा येतो त्यावरून उलटं मागे जाऊन व्हेरियन्स काढायचा. लाउबाख आणि विल्यम्स यांनी २००३ मध्ये नैसर्गिक व्याजदराचा एस्टिमेट काढला, ज्याला सगळे आर-स्टार म्हणतात, त्यातही हाच मार्ग वापरलाय, नाहीतर त्यांचाही ट्रेंड सपाट झाला असता.

'सत्तर-ऐंशी वर्षं' म्हणताना किती डेटा वाटतो ना? अमेरिकेचा तिमाही जीडीपी १९४७ पासून आहे. २०२४ अखेर म्हणजे ३१२ सँपल. तुमच्या ऑडिओच्या भाषेत बोलायचं तर ८ किलोहर्ट्झला ३९ मिलिसेकंद. ३९ मिलिसेकंदांचा एकच तुकडा देऊन तुम्हाला कोणी म्हणालं की यात दहा वर्षांच्या पिरियडच्या खालचं आणि वरचं वेगळं करून दे, तर तुम्ही त्याला चहा पाजून घरी पाठवाल.

---

फेजशिफ्ट

३९ मिलिसेकंद हा हिशोब मी उद्या मीटिंगमध्ये वापरणार आहे, हक्क राखीव नसतील अशी आशा =))

---

बेजियन_काका

इतका वेळ शांत बसलो होतो. अहो प्रायर (डेटा बघण्याआधीचा अंदाज) टाका की, कशाला शून्यावर चिकटवून घेताय. व्हेरियन्सवर असा प्रायर द्या ज्याची घनता शून्यापाशी शून्य होते, इन्व्हर्स गॅमा (तसंच एक वितरण) टाका, पाइल-अप गायब. शिवाय क्यू आणि आरची अनिश्चितता गॅपच्या एरर बँडमध्ये आपोआप येते, तुमच्या त्या प्लग-इन पद्धतीत क्यू काढला की तो जणू देवाने सांगितला असं धरून बँड काढतात आणि तो उगाच अरुंद येतो.

---

लॅगदोन

काका, बँडबद्दल शंभर टक्के सहमत. पण इन्व्हर्स गॅमाबद्दल नाही. लाइकलीहूड जर तिथे सपाट असेल तर तुमचं पोस्टिरियर (डेटा बघून झाल्यावरचा अंदाज) म्हणजे प्रायरच, कपडे बदलून आलेला. १६०० तरी उघड्यावर लिहिलेलं असतं, इन्व्हर्स गॅमाचे दोन आकडे परिशिष्टात लपलेले असतात आणि ते बदलले की गॅप बदलतो.

---

बेजियन_काका

मग परिशिष्टात लपवू नका, प्रायर आणि पोस्टिरियर एकाच चित्रात काढा. डेटाने काही शिकवलं नसेल तर ते तिथेच दिसेल. लपवणाऱ्याचा दोष पद्धतीवर का?

---

लॅगदोन

हे मान्य. असं चित्र किती रिपोर्टमध्ये दिसतं हा वेगळा विषय.

पण फेजशिफ्ट, मला वाटतं ट्रेंड काढणं हा तुमचा सोपा प्रॉब्लेम आहे. उद्या कोणीतरी तुम्हाला विचारणार की व्याजदर वाढवला तर महागाई किती कमी होते तो रिस्पॉन्स काढून द्या, आणि तुम्ही म्हणाल हे तर सिस्टिम आयडेंटिफिकेशन, इनपुट आहे, आउटपुट आहे, लीस्ट स्क्वेअर्स मारतो. तिथे खरी दांडी उडते. सेंट्रल बँक दर का वाढवते? महागाई वाढणार असं तिला दिसतं म्हणून. मग साधं रिग्रेशन केलं की दर वाढला की महागाई *वाढते* असं उत्तर येतं! सिम्सने १९९२ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या व्हीएआरमध्ये (अनेक मालिका एकमेकींच्या जुन्या आकड्यांवर बसवणारं मॉडेल) हे दाखवलं आणि त्याला प्राइस पझल असं नावच पडलं.

मिल्टन फ्रीडमनचं उदाहरण यात सगळ्यात चांगलं आहे. घरात चांगला थर्मोस्टॅट आहे. बाहेर थंडी वाढते, हीटर जास्त जळतो, आतलं तापमान हलत नाही. आता डेटा बघणारा म्हणणार की इंधन आणि आतलं तापमान यांचा काही संबंध नाही, बंद करा हा हीटर. थर्मोस्टॅट जितका चांगला तितका संबंध कमी दिसणार.

---

फेजशिफ्ट

अरे हे तर क्लोज्ड-लूप आयडेंटिफिकेशन! हे आम्हालाही शिकवतात की फीडबॅक चालू असताना इनपुट-आउटपुटवरून डायरेक्ट ट्रान्सफर फंक्शन काढू नका. कंट्रोलर जर इनपुट = उणे के गुणिले आउटपुट असा असेल आणि बाहेरून फक्त डिस्टर्बन्सच येत असेल, तर रिग्रेशनमधून प्लांट (जी यंत्रणा मोजायचीय ती) मिळतच नाही, उणे एक भागिले के मिळतं. म्हणजे तुम्ही प्लांट मोजायला जाता आणि उलट्या बाजूने कंट्रोलरच मोजून येता. मग ते महागाईचं उलटं चिन्ह म्हणजे डेटातून सेंट्रल बँकेचा स्वभाव दिसतोय, अर्थव्यवस्थेचा नाही, असंच ना?

आम्ही यावर उपाय काय करतो, तर लूपमध्ये मुद्दाम छोटासा रँडम सिग्नल टाकतो, डिथर म्हणा किंवा पीआरबीएस, जो आउटपुटवर अवलंबून नाही, आणि फक्त त्याच्याशी कोरिलेट करून बघतो. इथे ते कोण करू देणार म्हणा, व्याजदर नाणेफेक करून ठरवा असं सांगायला गेलो तर बाहेर काढतील.

---

तिमाही_ताई

टाकू देणार नाहीत, पण नकळत पडलेला डिथर शोधता येतो. इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणजे तेच की. फिलिप राइटने १९२८ मध्ये वनस्पती आणि प्राणिज तेलांवरच्या आयातकराच्या पुस्तकाच्या परिशिष्टात हे पहिल्यांदा मांडलं. मागणी आणि पुरवठा ही एकमेकांत अडकलेली जोडी, किंमत आणि खप बघून कुठला वक्र दिसतोय ते कळत नाही, तर असं काहीतरी शोधा जे फक्त पुरवठ्याला हलवतं, उदाहरणार्थ पीक एकरी किती आलं, त्याच्या आधाराने मागणीचा वक्र काढा. तुमच्या सिस्टिम आयडेंटिफिकेशनच्या पुस्तकांतही आयव्ही मेथड म्हणून एक प्रकरण असतंच.

व्याजदराच्या बाबतीत आता फार चालतं ते असं. फेडची (अमेरिकेच्या सेंट्रल बँकेची) घोषणा होते त्याच्या दहा मिनिटं आधीपासून वीस मिनिटं नंतरपर्यंत, अशा अर्ध्या तासात व्याजदराच्या फ्यूचर्सची (पुढच्या दरावर आज केलेल्या सौद्यांची) किंमत किती हलली ते बघायचं. बाजाराला जे आधीच माहीत होतं ते आधीच किमतीत आहे, त्यामुळे त्या अर्ध्या तासात जी उडी पडते ती अनपेक्षित भागाची. कुटनरने २००१ मध्ये रोजच्या किमती घेऊन हे केलं, मग गुर्कायनाक, सॅक आणि स्वान्सन यांनी २००५ मध्ये मिनिटांच्या पातळीवर. तो तुमचा पीआरबीएस. फक्त अँप्लिट्यूड फार छोटा, आणि वर्षाला आठ नियमित बैठका म्हणजे आठच पल्स.

---

फेजशिफ्ट

हे झकास आहे. पण मग एक किडा डोक्यात वळवळतोय, फेड जर आपल्याला माहीत नसलेलं काही सांगत असेल तर? म्हणजे दर अचानक वाढवला याचा अर्थ बाजार असा घेईल की यांना काहीतरी तेजी दिसलीय. मग ते डिथर आउटपुटपासून स्वतंत्र राहिलं कुठे.

---

तिमाही_ताई

बरोबर किडा आहे, यावर भरपूर भांडणं चालू आहेत. काहीजण त्यासाठी दर आणि शेअर बाजार दोन्ही एकत्र बघतात, दर वर आणि शेअर खाली म्हणजे धोरणाचा धक्का, दोन्ही वर म्हणजे माहितीचा.

---

लॅगदोन

आणि ल्यूकसची टीका विसरू नका, १९७६. तुमच्या एस्टिमेटवरून धोरण बदललं की लोक ते ओळखून वागणं बदलतात, म्हणजे प्लांट तुमचा पेपर वाचतो. विमान रडारचा एस्टिमेट वाचून वळत नाही.

---

फेजशिफ्ट

लढाऊ विमान वळतं :) जॅमिंगवाल्यांना विचारा.

---

लॅगदोन

हाहा. घ्या, हा पॉइंट तुमचा.

---

नुसताच_स्पेक्ट्रम

उशिरा आलो. कोणी हॅमिल्टनचं नाव कसं घेतलं नाही अजून? २०१८, 'एचपी फिल्टर कधीही वापरू नये' असं शीर्षकातच ठणकावून सांगितलंय. त्याचा पर्याय साधा आहे. आजचा आकडा दोन वर्षांपूर्वीच्या सलग चार तिमाह्यांवर रिग्रेस करा, जो रेसिड्युअल (उरलेला फरक) येतो तीच सायकल. टोकाचा प्रॉब्लेम नाही कारण पुढचं काही लागतच नाही. मी तेच वापरतो.

---

फेजशिफ्ट

बघितलं. रिग्रेशनचे कोइफिशिअंट रँडम वॉकच्या जवळ असतील, आणि जीडीपीला ते असणारच, तर हे जवळजवळ आजचा आकडा उणे आठ तिमाह्यांपूर्वीचा आकडा एवढंच झालं ना? मग हा तर कोंब (इंग्रजीतला, म्हणजे कंगवा) फिल्टर! ८ तिमाह्यांच्या पिरियडला शून्य, ४ ला शून्य, २ ला शून्य. बिझनेस सायकल तुम्ही लोक ६ ते ३२ तिमाह्या धरता, म्हणजे पट्ट्याच्या आतच ८ तिमाह्यांवर खड्डा. वर आणखी एक, आज तात्पुरता धक्का बसला की बरोबर दोन वर्षांनी तोच धक्का उलट्या चिन्हाने परत उगवणार, बेस इफेक्टसारखा. २०२० च्या दुसऱ्या तिमाहीने २०२२ च्या दुसऱ्या तिमाहीत भूत नाचवलं असेल बघा.

टोकाला हलत नाही हे खरं पण घड्याळ बंद असेल तर तेही हलत नाही.

---

नुसताच_स्पेक्ट्रम

खड्डा आहे हे मान्य, पण खड्डा मला माहीत आहे, फिक्स आहे, काल होता तिथेच उद्या असणार. एचपी म्हणजे मध्यावर एक फिल्टर, टोकाला दुसरा, आणि मधल्या दोन वर्षांत रोज तिसरा. शिवाय हॅमिल्टनचा मूळ आक्षेप वेगळा आहे. रँडम वॉकला, ज्यात सायकल अजिबात नाही, त्याला एचपी लावला की छान लाटा निघतात. स्लुट्स्कीने १९२७ मध्येच दाखवलं होतं की निव्वळ रँडम आकड्यांची मूव्हिंग बेरीज घेत गेलं की बिझनेस सायकलसारख्या लाटा तयार होतात. मग ती लाट अर्थव्यवस्थेची की फिल्टरची?

---

शून्यमध्य

कुठल्याही बँड-पासमधून पांढरा नॉइज पाठवला तर बाहेर बँड-पासच्या आकाराचं काहीतरी येणार, यात एचपीचा विशेष गुन्हा नाही. तुमच्या आठ तिमाह्यांच्या डिफरन्समधून रँडम वॉक पाठवला तरी सात लॅगपर्यंत कोरिलेशन असलेली सुंदर लाट येते, काढून बघा.

---

उगाच_शंका

थोडक्यात काय, कुठलाही चष्मा लावा, काहीतरी दिसतंच. मग सगळ्यात चांगला एस्टिमेट किती चांगला असू शकतो याला काही मर्यादा आहे का, की यांचं भांडण चालूच राहणार?

---

शून्यमध्य

मर्यादा आहे, आणि ती आपल्या सी. आर. राव यांची. १९४५, कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये, वय पंचविशीच्या आत. क्रामरचं पुस्तक त्यानंतर, म्हणून क्रामर-राव बाउंड. अनबायस्ड एस्टिमेटर (सरासरीने बरोबर येणारा अंदाज) कितीही हुशार असो, त्याचा व्हेरियन्स यापेक्षा खाली जाऊच शकत नाही. सिग्नलवाले हे रोज वापरतात. नॉइजमधल्या साइन वेव्हची फ्रिक्वेन्सी काढायची असेल तर बाउंड सँपलच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात पडतो, डेटा दुप्पट केला की व्हेरियन्स आठवा भाग. म्हणून फेजशिफ्टसारख्यांना सवय लागलेली असते की थोडा वेळ थांबलं की सगळं कळतं.

पण बाउंड मॉडेल बरोबर आहे असं धरून असतो. इथे 'ट्रेंड म्हणजे काय' हीच व्याख्या मॉडेलने केलीय, बाहेर कुठे खरा ट्रेंड मोजून ठेवलेला नाही. विमान शेवटी उतरतं आणि जीपीएसचा लॉग मिळतो. आउटपुट गॅप कधीच उतरत नाही.

---

बेजियन_काका

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

---

फेजशिफ्ट

ठीक, मग आता कामाचं बोलू. शुक्रवारी चार्ट द्यायचाय. मी काय करावं?

---

लॅगदोन

मी असतो तर आधी हे केलं असतं: मागे जाऊन प्रत्येक तिमाहीला तेवढाच डेटा घेऊन मॉडेल परत परत चालवायचं आणि त्या वेळचा शेवटचा बिंदू जपून ठेवायचा. मग ते सगळे शेवटचे बिंदू एका रेषेत आणि आजचा स्मूद केलेला गॅप दुसऱ्या रेषेत, एकाच चार्टवर. दोन रेषांमधलं अंतर हाच तुमचा खरा एरर बँड, काल्मनच्या पी मॅट्रिक्समधून (मॉडेलने स्वतःच काढलेल्या अनिश्चिततेतून) जो येतो तो नाही, कारण पी मॅट्रिक्स मॉडेलवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. आणि डेटा घेताना आजचा सुधारलेला डेटा कापून वापरू नका, त्या त्या वेळी छापलेला घ्या. अमेरिकेसाठी सेंट लुईस फेडचा आल्फ्रेड म्हणून डेटाबेस आहे, त्यात प्रत्येक तारखेला आकडा काय होता ते मिळतं. फिलाडेल्फिया फेडचाही रिअल-टाइम डेटासेट आहे.

---

तिमाही_ताई

आणि शेवटचे आठ बिंदू ठिपक्यांच्या रेषेत दाखवा, कोणी विचारलं तर वरची २० टक्केवाली गोष्ट सांगा. एका आकड्यासाठी हट्ट धरतीलच, तेव्हा गॅपऐवजी वाढीचा दर द्या, तो निदान मोजलेला असतो.

---

फेजशिफ्ट

हे करतो. कोविडच्या तिमाह्यांचं काय करता तुम्ही? माझ्या फिल्टरला २०२० ची दुसरी तिमाही दिसली की तो ट्रेंडच खाली खेचतो.

---

शून्यमध्य

दोनच सोपे मार्ग. एकतर त्या दोन-तीन तिमाह्या मिसिंग धरा, काल्मनला मिसिंगचं वावडं नाही, अपडेटची पायरी गाळून नुसतं प्रेडिक्ट करून पुढे जायचं. नाहीतर तेवढ्यापुरता आर खूप मोठा करा. मी दुसरं करतो कारण डेटा पूर्ण फेकून देणं जिवावर येतं, पण आर किती मोठा हे लाइकलीहूडला ठरवू द्या, हाताने टाकू नका. व्हेरियन्स स्थिर धरून मात्र चालवू नका, त्या एका तिमाहीपायी सगळ्या सँपलचा आर फुगतो आणि मग फिल्टर पुढच्या सगळ्या बातम्यांना कमी मानायला लागतो.

---

उगाच_शंका

शेवटची शंका, मासिक डेटा असेल तर १६०० च ठेवायचं का?

---

तिमाही_ताई

नाही, चौथ्या घाताने बदलायचं. रॅव्हन आणि उलिग, २००२. मासिकला १६०० गुणिले ३ चा चौथा घात म्हणजे १,२९,६००, वार्षिकला १६०० भागिले २५६ म्हणजे ६.२५. वार्षिकला १०० टाकलेलं बऱ्याच ठिकाणी दिसेल, तेव्हा दुसऱ्याचा चार्ट बघताना आधी लॅम्डा विचारा.